देवघरातली डबी

माझ्यासारख्याने कुणाचं व्यक्तिचित्र लिहायला बसणं हा आगाऊपणाच आहे. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच, आणि सुट्टीच्या अर्जापलीकडे मनाने काही लिहिलेलं नाही. चुकलं तर सांभाळून घ्या. पण एक गोष्ट ठामपणे सांगतो: लोणावळ्यातल्या माझ्या रूममेटइतका देवात रमलेला नास्तिक साऱ्या मावळात सापडणार नाही.

त्याचा देव संगणकात होता. लिनक्समध्ये कीबोर्ड, माइक, प्रिंटर अशी जोडलेली प्रत्येक वस्तू फाइल म्हणून दिसते, आणि त्या फायलींच्या फोल्डरचं नाव ‘डेव्ह’. स्पेलिंग बघून पहिल्याच दिवशी हा वर्गात ‘देव’ म्हणाला. सगळे हसले, आणि तेव्हापासून त्याने हट्टाने तोच उच्चार धरला. एखादा प्रोग्रॅम बंदिस्त कप्प्यात चालवायचा झाला की तो मला समजावून सांगे, "भाऊ वेगळा निघाला की त्याचं देवघर वेगळं. मूळ घरातले सगळे देव त्याला मिळत न्हाईत, आपण देऊ तेवढेच." त्याचा लाडका देव म्हणजे ‘नल’ नावाची कायम रिकामी फाइल. त्याला वाहिलेलं कायमचं नाहीसं होतं. मेसची भाजी, घरमालकाचे टोमणे, सगळं तो नलदेवाला वाही. फायलींना असतात तशा वाचायच्या-लिहायच्या परवानग्या खोलीतल्या वस्तूंनाही होत्या. एकदा अंघोळ झाल्यावर मी त्याचा टॉवेल मागितला, तर म्हणाला, "वाचायची परवानगी हाय, लिहायची न्हाई." मी ओल्या अंगाने टॉवेल वाचत उभा राहिलो.

त्याचे वडील, आबा, आंदर मावळात एकटेच राहत. त्यांचा आवाज रोज कानावर पडावा म्हणून त्याने घरी माइकची एक डबी बसवली. प्लग देवघरापाशीच, म्हणून डबीही देवांशेजारी. इकडे ती नेटवर्कवरून त्याच्या ‘देव’मध्ये ‘आबा’ नावाची फाइल होऊन दिसे, जणू याच संगणकाला जोडलेली. ऐकण्याची सोय झाली. बोलण्याची करायची होती, तेवढ्यात शेत कोण बघणार यावरून भांडण पेटलं. "जातोस तर जा. फोन करू नगंस," आबा म्हणाले. याने फोन केला नाही. पण ऐकू नकोस असं ते कुठे म्हणाले होते? रोज सांजेला तो फाइल उघडून बसे. गाईची घंटा, आबांचा खोकला, भाकरी थापल्याचा आवाज. "हाक मारतील," एवढंच म्हणे. मारली की त्याच पावली निघणार होता.

दसऱ्यानंतर फाइल मुकी झाली. नेटवर्क ठीक, डबी चालू, परवानग्या जागच्या जागी. "देव हाय, पण बोलत न्हाई," तो म्हणाला. "फोन लाव की," मी म्हटलं. "नगं म्हणालेत." मग त्याचं जेवण सुटलं. एकदा मी न विचारता त्याचा टॉवेल घेतला, तरी त्याचं लक्ष नव्हतं.

शेवटी आम्ही दोघं कामशेतच्या बाजारात गेलो, तिथे त्याच्या गावची एक मावशी भेटली. भाजीची पाटी बाजूला सारून तिने त्याला धरलंच. "दगडाचा हायेस काय रं? म्हातारा दसऱ्यापासनं रोज दिवा लावून त्या डबीला सांगतोय, ‘पोरा, चुकलं माझं, ये घरी.’ आन् तू हितं हिंडतोयस!"

"मावशी, डबीतनं काईच ऐकू येत न्हाई."

"येईल कसं? दसऱ्याला अवजारांसंगं तिचीबी पूजा केली त्यांनी. हळद-कुंकवानं भोकं पार लिंपलीत."

तो हसायला लागला, मग हसता हसता तोंड फिरवून उभा राहिला. तांदळाची पिशवी माझ्या हातात देऊन मिळेल त्या जीपने गेला.

मी एकटाच खोलीवर आलो. स्क्रीनवर फाइल उघडीच होती. दुसऱ्या दिवशी सांजेला आधी खरखर झाली, कुणीतरी ब्रशने घासत असल्यासारखी. मग गाईची घंटा, आणि मग त्याचा आवाज: "येतंय का रं ऐकू? आबा म्हणत्यात, जेवून घे. मी आता हितंच ऱ्हातो. टॉवेल वापर."

मी दोनदा मोठ्याने "हो" म्हणालो. मग आठवलं, बोलण्याची सोय करायची राहूनच गेली होती.