पांढऱ्या भागातली अंडी

दुष्काळाच्या त्या वर्षी करमाडजवळच्या माळावर मला एक मेंढपाळ भेटला. नाव विचारायचं राहूनच गेलं. पखुर्ड्या, म्हणजे माळावरचे पक्षी, पुढच्या काळात कुठे टिकतील याचा नकाशा आम्ही कॉम्प्युटरवर केला होता. आदल्याच दिवशी तो वरच्या ऑफिसात पाठवला होता. टँकर भरायच्या विहिरीभोवती तो गर्द हिरवा, म्हणजे पखुर्ड्या टिकतील असा होता, कारण त्या दिसल्याच्या आमच्या सगळ्या नोंदी तिथल्याच. बाकीचा माळ पांढरा, म्हणजे प्लॉट पाडायला मोकळा.

मी हे सांगत होतो आणि तो पायाखाली बघत चालत होता. मध्येच थांबला, काठी काखेत धरली आणि उघड्या जमिनीवरच्या तीन अंड्यांभोवती धोंडे मांडू लागला. मेंढरं मग वळसा घालून जातात.

"हिरीवर त्या नुसत्या पाणी प्यायला येतेत, साहेब," तो खाली बघतच म्हणाला. "राहतेत इथं."

आम्ही पांढऱ्या भागात उभे होतो.

तो मेंढरांमागे निघून गेला. मला मात्र पुढचं पाऊल कुठे टाकावं, कळेना.