कुंडलिकच्या फोनमधले तीन टक्के

कुंडलिकला मारलं पंचवीस-तीस जणांनी. मारा म्हणालो मी. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढं वाचताना तुम्ही माझ्याबद्दल उगाच चांगलं मत करून घेणार नाही. आणि मला उपदेश करायला येऊ नका. ते काम माझं मीच वर्षभर करतोय.

कुंडलिक खुटवड आणि मी भोरच्या एसटी डेपोत एकाच वर्षी लागलो. तो वर्कशॉपमध्ये इलेक्ट्रिशियन, मी ऑफिसात क्लार्क. गाड्यांच्या बॅटऱ्या, वायरिंग, दिवे, सगळं त्याच्याकडं. हात सोन्याचा आणि डोकं भडक. बापानं त्याला लहानपणी आसुडानं फोडून काढलेलं, ते वण साठीतही पाठीवर दिसायचे. असा माणूस बोलायच्या आधी हात उचलतो. एकदा एक ड्रायव्हर त्याच्या वायरिंगला भंगार म्हणाला. कुंडलिकनं हातातला पाना तसाच त्याच्या तोंडावर हाणला. दोन दात पडले, ओठाला टाके पडले, आणि हा महिनाभर सस्पेंड होऊन घरी बसला. "पुन्हा म्हणला तर पुन्हा हाणीन," हे साहेबांसमोर म्हणाला. फक्त मंगलवहिनींवर, म्हणजे त्याच्या बायकोवर, त्यानं कधी बोट उचललं नाही. उलट त्या रागावल्या की हा मांजरासारखा मोरीत जाऊन बसायचा.

माझ्याशी त्याची दोस्ती म्हणजे चाळीस वर्षांची चेष्टा. सरळ असं आम्ही एकमेकांशी कधी बोललोच नाही. मी त्याला दरोडेखोर म्हणायचो, तो मला "आन्या कारकुंड्या" म्हणायचा. रोज एकमेकांची काढल्याशिवाय दोघांनाही जेवण गोड लागायचं नाही.

निवृत्त झाल्यावर त्यानं सायकल घेतली. गुडघ्यांसाठी म्हणून घेतली आणि वेडच लागलं. पिशव्या लावून आठ-आठ दिवस वेल्ह्याच्या डोंगरात हिंडायचा. आता राजगड तालुका म्हणायचं, पण आमच्या तोंडात वेल्हेच. तिकडं वाड्यांवर लाइट आज आहे तर उद्या नाही. पहिल्याच खेपेला मोबाईल बंद पडला, पुढचा दिवा बंद पडला, आणि घाटात एका टेम्पोनं ह्याला जवळजवळ उडवला. घरी आला तो शिव्या देतच. पंधरा दिवसांत त्यानं सौरऊर्जेचं घडीचं पॅनेल आणलं, एसटीच्या सीटच्या जुन्या रेक्झिनमध्ये शिवून घेतलं आणि सायकलच्या कॅरिअरवर ट्यूबच्या पट्ट्यांनी आवळलं.

त्यात तो इतका तरबेज झाला, की पुण्याहून येणारी सायकलवाली पोरं त्याला विचारत यायची. त्याचे नियम ठरलेले. पॅनेलला मोबाईल थेट जोडायचा नाही. ढग आला की चार्जिंग तुटतं, ऊन आलं की मोबाईल तापून बंद पडतो. पॅनेलवर पॉवर बँक भरायची, आणि पॉवर बँकेवर मोबाईल. पॉवर बँका दोन ठेवायच्या, एक उन्हात भरायला आणि एक वापरायला. "उन्हात पॅनेल, सावलीत मोबाईल," असं तो दम दिल्यासारखं सांगायचा. पॅनेलवर झाडाच्या एका फांदीची सावली पडली तरी निम्मा करंट जातो, म्हणून दहा ते दोन सायकल चालवायची नाही, मोकळ्या जागी पॅनेल पसरून बसायचं. एका पोरानं ऐकलं नाही, मोबाईल पॅनेलवरच ठेवला आणि बॅटरी फुगवून घेतली. कुंडलिकनं त्याच्या कानाखाली वाजवली. ओळख ना पाळख, दुसऱ्याचं पोर! मी मध्ये पडलो म्हणून निभावलं.

ह्या दौऱ्यांवरून तो मला बनवायचा. पहिल्यांदा अनोळखी आवाजात फोन आला, तुमचा कुंडलिक दारू पिऊन पडलाय, धरून ठेवलाय, या. हा माणूस सुपारीसुद्धा खात नाही, पण मी खरं मानलं. एप्रिलच्या उन्हात स्कूटर मारत नसरापूरला गेलो, तर हा हॉटेलात मिसळ खात बसलेला. फोन वेटरनं केलेला. मी त्याची मिसळ त्याच्याच अंगावर ओतली. दुसऱ्यांदा फोन आला, कुंडलिकला बिबट्यानं ओढून नेलं. मी म्हटलं, "अरेरे, बिबट्याला कोणी सोडवायला गेलं का?" तिकडून हा खो खो हसला. त्यानंतर मी ठरवलं, आता आपण फसायचं नाही.

गेल्या वर्षी सप्टेंबरच्या शेवटी तो केळदच्या बाजूला गेला. तिथल्या एका वाडीत मुक्कामाला थांबला. वाडीचं नाव लिहीत नाही, तिथंही बरी माणसं आहेत. पावसानं विजेचे खांब पडलेले, पाच दिवस लाइट नव्हती. टॉवरची रेंज होती, पण वाडीतले सगळे मोबाईल मेलेले. कुंडलिकनं देवळाच्या कट्ट्यावर पॅनेल पसरलं. पावसाळी ऊन, येतंय आणि जातंय. लोक मोबाईल घेऊन आले. कोणाची पोरगी पुण्यात बाळंत व्हायची होती, कोणाचा मुलगा ड्रायव्हर होता. ह्यानं दोन्ही पॉवर बँका त्यांच्यासाठी काढल्या. भांडण नको म्हणून वही काढली आणि नंबर लावले. कोणाचं नाव, कोणतं घर, घरात माणसं किती, कारण ज्या घरी म्हातारं माणूस किंवा बाळंतीण, त्यांचा नंबर आधी. प्रत्येकाला वीस टक्के. पहिला मोबाईल गेनूचा, वाडीतला तालमीचा गडी होता तो. स्वतःचा मोबाईल कुंडलिकनं शेवटी ठेवला, आणि शेवटी काही उरलंच नाही. हे मला नंतर फुलाबाईनं सांगितलं. ती तिथली म्हातारी, तिच्या पडवीत तो झोपला होता.

मोबाईल जिवंत झाले आणि पाच दिवसांचे साचलेले मेसेज एकदम येऊन आदळले. तेव्हा सगळीकडं ड्रोनचं खूळ उठलं होतं. चोर आधी माणूस पाठवून घरं हेरतात, मग ड्रोन सोडतात, असं. त्यातल्या एका मेसेजात फोटो होता, हेल्मेट घातलेला सायकलवाला, मागं पॅनेल. खाली लिहिलेलं, हे लोक घरांची नोंद करतात, सावध राहा. तो फोटो कुठल्या बिचाऱ्याचा होता कोण जाणे! पण कुंडलिकनं दिलेल्या वीस टक्क्यांवर वाडीनं तो मेसेज वाचला, आणि ह्याच्याकडं पॅनेल होतं, हेल्मेट होतं, आणि घरन् घर लिहिलेली वही होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला तो कट्ट्यावर पॅनेल पसरून बसला होता. वाडीतले आले. काठ्या होत्या, एकाकडं कोयता होता. गेनू म्हणाला, "वही दाव."

आता इथं दुसऱ्या कोणीही वही दाखवली असती. पण हा कुंडलिक. काल ज्याचा मोबाईल आधी लावला तोच आज काठी घेऊन दरडावतोय म्हटल्यावर ह्याचं टाळकं सरकलं. "तुझ्या बापाचं नाव लिवलंय, वाच," म्हणाला, आणि गेनूच्या मुस्काटात दिली. पहिला हात कुंडलिकचाच, हे मी लपवत नाही. मग त्यांनी त्याला खाली पाडला, छातीवर बसले, हात पिरगाळले. फुलाबाई ओरडली, "आरं मारायच्या आदी कुनाला इचारा तरी! मानूस कोन, कुठला!"

कुंडलिक म्हणाला, "भोरला फोन लावा. आनंद म्हनून हाय. तो सांगंल."

स्वतःचा फोन दिला. त्यात तीन टक्के होते. त्या वेळी त्याचा जीव त्या तीन टक्क्यांवर आणि माझ्या तोंडावर होता. मला कुठं माहीत! मी घरी आरामात चहा पीत होतो. बायको समोर शेंगा सोलत होती.

फोन वाजला, नाव कुंडलिकचं आलं, आवाज दुसऱ्याचा. मी मनात म्हटलं, आलं नाटक तिसरं.

"तुमी आनंद का?"

"हो, बोला की."

"हितं एक मानूस धरलाय. सायकल हाय, सोलरची प्लेट हाय. कुंडलिक म्हनतोय. वळखता का?"

मी बायकोला डोळा मारला. फोन स्पीकरवर टाकला, तीही ऐकू दे म्हणून. म्हटलं, "कुंडलिक ना? अहो, अट्टल चोर आहे तो. बरं झालं सापडला. चांगला बडवा, सोडू नका. हाडं नीट मोकळी करा, आणि उरलं काही तर भोरला पाठवा."

त्यांनीही तिकडं स्पीकर लावला होता.

मागून कुंडलिक ओरडला, "आन्या, चेष्टा न्हाई रं! खरं सांग!"

"वा! आवाज झकास काढलायस," मी म्हटलं आणि हसलो. बायकोही हसली.

मग काठीचा आवाज आला. काठी माणसावर बसते तेव्हा कसा आवाज येतो हे मला त्या दिवसापर्यंत माहीत नव्हतं. दुसरी बसली. तिसऱ्या काठीला तो "आई गं" म्हणाला. मी चाळीस वर्षांत त्याला हात भाजताना, शॉक बसताना पाहिलं, त्याच्या तोंडून शिवीशिवाय काही आलं नव्हतं. माझा कप खाली पडला. मी ओरडलो, "अहो थांबा! थांबा! आमचा माणूस आहे तो! मी चेष्टा केली हो!" पण तोवर तिकडचे तीन टक्के संपले होते. मी बंद फोनशी ओरडत होतो. पुन्हा लावला, पुन्हा लावला, ती बाई सांगत राहिली की फोन बंद आहे.

मी ११२ ला फोन केला, वेल्ह्याच्या ठाण्यात केला. ते लगेच निघाले, पण रस्त्यावर दरड होती, तास गेला. त्या तासात काय झालं ते ऐका. त्याच्या तोंडावर लाथा घातल्या, जबडा दोन ठिकाणी मोडला. कोणीतरी म्हणालं, ह्याच हातानं लिवतो, आणि उजवा हात कट्ट्याच्या कडेवर धरून वर दगड घातला. एकदा नाही, तीनदा. पॅनेल त्याच्या डोळ्यांदेखत फोडलं आणि त्याचा टोकदार तुकडा ह्याच्या डाव्या डोळ्यात गेला. सायकल विहिरीत टाकली. एक जण मोबाईलवर व्हिडिओ काढत होता. शेवटी फुलाबाई त्याच्यावर आडवी पडली. तिच्याही पाठीत दोन काठ्या बसल्या, तेव्हा कुठं हात थांबले. सत्तरीची म्हातारी! त्याला कालपर्यंत ओळखत नव्हती, आणि ओळखणारा मी काय बोललो ते मघाशी सांगितलं.

पुण्याच्या दवाखान्यात तो महिनाभर होता. डोळा गेला. उजव्या हाताची तीन बोटं गेली. जबडा तारेनं बांधलेला. गेनूनं पोलिसांना खरं ते सांगितलं, आम्ही त्याच्या दोस्ताला विचारलं होतं, तो म्हणाला बडवा. कोणाचा विश्वास बसेना. हवालदार कुंडलिकच्या खाटेशी आले, तेव्हा मी तिथंच उभा होतो. कुंडलिकनं पाटीवर डाव्या हातानं वेडंवाकडं लिहिलं, "आनंद बोलायच्या आधीच फोन बंद पडला."

हवालदार गेले. मी त्याच्याजवळ वाकलो, रडत होतो, काहीतरी माफी वगैरे बडबडत होतो. त्यानं डावा हात उचलला आणि होती नव्हती ती ताकद लावून माझ्या थोबाडीत मारली. सलाइनची सुई निघाली, चादरीवर रक्त सांडलं. मी दुसरा गाल पुढं केला तर त्यानं तोंड फिरवलं. मग पाटी ओढली आणि लिहिलं, "पोलिसांचं काम नाही. पण मंगलला तू सांग."

मी आठ दिवस सांगितलं नाही. रोज जात होतो, फळं नेत होतो, वहिनी म्हणायच्या, "भावजी, तुमच्यासारखा मानूस हाय म्हनून निभावतंय." ते ऐकून वाटायचं, आत्ता इथंच मेलो तर बरं. तरी तोंड उघडत नव्हतं. आणि आत तो एका डोळ्यानं माझ्याकडं बघायचा, सांगितलं का म्हणून.

नवव्या दिवशी सकाळी वहिनी दवाखान्याच्या आवारात बाकावर मोसंबी सोलत बसल्या होत्या. मी शेजारी बसलो आणि सांगितलं. सगळं सांगितलं, शब्द न् शब्द, हाडं मोकळी करा हेसुद्धा. मला वाटलं त्या किंचाळतील, चपलेनं मारतील. मारलं असतं तर किती बरं झालं असतं.

त्यांचे हात थांबले. मोसंबी त्यांनी परत पिशवीत ठेवली.

"त्यांचा आवाज आला व्हता तुमाला?"

"आला होता."

"आन तवा तुमी हसत व्हता?"

"हो वहिनी," मी म्हटलं, "हसत होतो."