काठोकाठ पियाला

माझी मोठी वहिनी ओयजमाल. आमच्या घरात अकरा वर्षं चहाची किटली तिच्याच हातात. आई दुसऱ्या कुणाच्या हातचा चहा घेत नसे, आणि वहिनीची सगळी ऐट त्या एका गोष्टीवर होती.

गेल्या पानगळीत तिला जाऊ आली, ताश्कंदची झुलेहा. शाळेत शिकवते, बोलते गोड. वसंतात घरच्या आम्ही चौघी उर्गेंचहून ट्रॉलीबसनं खिव्याला गेलो. वेशीतून आत शिरताना आईचा दंड झुलेहानं धरला होता. मागून वहिनी, एका हातात रोट्यांचं गाठोडं, दुसऱ्यात आपली निळी किटली.

"जपून हं आई, दगड निसरडे आहेत," झुलेहा म्हणाली.

"अकरा वर्षं याच दगडांवरून आणतेय मी त्यांना," वहिनी माझ्या कानाशी पुटपुटली.

"गाठोडं घेऊ का मी?"

"राहू दे वन्सं. गाठोड्यावर अजून कुणाचा डोळा नाही."

कोटाच्या तटाजवळ तुतीखाली एका चहावाल्याच्या लाकडी बाजेवर बसलो. उकळतं पाणी आलं. आई सहज म्हणाली, "आज झुलेहाला ओतू दे. बघू तरी ताश्कंदचा हात."

वहिनीनं ऐकलंच नाही. रीतीप्रमाणे तिनं चहा तीनदा पियाल्यात ओतून परत किटलीत घेतला, आणि पहिला पियाला भरला तो झुलेहाचा. काठोकाठ.

आमच्याकडे आपल्या माणसाला दोनच घोट ओततात, म्हणजे पुन्हा पुन्हा द्यायला मिळतं. काठोकाठ भरला की समजायचं, पी आणि ऊठ.

झुलेहाचा चेहरा उतरला. आईनं आपला पियाला पुढे केला. "मलाही तसाच भर, ओयजमाल. ही उठली की मीही उठते. गाठोडं सांभाळायला तू आहेसच."

वहिनीचा हात अडला. आईला तिनं दोनच घोट ओतले आणि स्वतःचा पियाला काठोकाठ भरला. "जायचं तर मीच जाते. घरात आता हात पुष्कळ झालेत."

मग झुलेहानं वहिनीचा तो पियाला उचलला, किटलीचं झाकण काढून चहा परत आत ओतला, दोन घोट राखले आणि छातीवर हात ठेवून वहिनीपुढे धरला.

"ताई, शाळेत आम्ही कपात बुडवायच्या पिशवीचा चहा पितो. मला शिकवायला तरी थांबा."

"पिशवीचा?" वहिनी म्हणाली. सकाळपासून पहिल्यांदाच तिच्या तोंडावर समाधान दिसलं. तिनं पियाला घेतला.

परतताना आईचा दंड पुन्हा झुलेहाच्याच हातात होता. वहिनी मागून त्या दोघींकडे बघत चालत होती. गाठोडं तिनं माझ्याकडे दिलं. किटली नाही दिली.