पाठमोरी खुर्ची

एल्मर सॅबॉल अकरा वर्षं स्टुडिओत लेखक होता, आणि त्या काळात स्वतःच्या एकाही चित्रपटाचं चित्रीकरण त्याने पाहिलं नाही. लेखकाने सेटवर जायचं नाही, हा हॉलिवूडचा शिरस्ता. संहिता लिहून द्यायची. मग शेजारच्या खोलीतला दुसरा लेखक ती गुपचूप 'उजळायला', म्हणजे बदलून लिहायला, घेई. मूळ लेखकाला हे कळे ते थेट पडद्यावर. एल्मरनेही शेजाऱ्यांच्या कितीतरी संहिता अशा उजळल्या होत्या आणि दुपारी त्यांच्याच टेबलावर बसून सूप प्यायला होता.

दुसऱ्या महायुद्धाच्या आदल्या वर्षी त्याने वडिलांवर एक चित्रपट लिहिला. पेनसिल्व्हेनियातल्या कोळशाच्या गावातला न्हावी. खाण बंद पडते, गिऱ्हाइकं गाव सोडून जातात. शेवटी म्हातारा जन्मात पहिल्यांदा गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसतो, स्वतःची दाढी करतो आणि दिवा मालवतो. एवढंच. हे त्याने रविवारी, घरच्या स्वयंपाकघरात बसून लिहिलं होतं. पण कराराने बांधलेल्या माणसाचा रविवारही स्टुडिओचाच. संहिता दुसरीकडे नेता येणार नव्हती. तो शेवट वाचवायचा तर ती आपणच दिग्दर्शित करायची, एवढा एकच रस्ता उरला.

"दिग्दर्शन? तू?" निर्मितीप्रमुख ऑगस्ट क्रेल म्हणाला. "लेखकांना उन्हात काढलं की घेरी येते."

"टोपी घालीन, साहेब."

क्रेलला उत्तर आवडलं. त्याने दोन अटी घातल्या. नवा सात वर्षांचा करार. आणि शेवट बदलायचा. "म्हातारा एकटाच दाढी करतो? अरे, लोक रडायला येतात, दाढी बघायला नाही. पोरगा दारातून येऊ दे, बापाच्या गळ्यात पडू दे."

"बघतो," म्हणून एल्मरने सही केली.

संकलन क्रेलच्या हाताखाली होतं. दिग्दर्शकाला तिथे कोणी विचारत नसे. कात्री होती आयडा प्रुएटकडे. मूकपटांच्या काळापासून तिने भल्याभल्यांचे चित्रपट कापले होते.

"हे बघ बाबा," जेवताना ती म्हणाली, "क्रेल सांगेल तसं मी जोडणार. मला म्हातारपण काढायचंय. पण तू जे घेतलंच नाहीस, ते मी कुठून आणू?"

"म्हणजे?"

"म्हाताऱ्याने दाराकडे नुसती मान वळवली, की मेलास तू. पुढे पोरगा चिकटवायला मला कितीसा वेळ लागतो!"

"आणि वळवलीच नाही तर?"

"तर मी सांगेन, साहेब, ही कात्री आहे, जादूची कांडी नाही. आणि ते लोणचं खाणार नसलास तर इकडे दे."

शेवटच्या प्रसंगाच्या सकाळी एल्मरने न्हाव्याची खुर्ची दाराकडे पाठ करून ठेवली. सगळा प्रसंग एकाच दमात घेतला. अर्ध्या तोंडाला फेस लावलेला म्हातारा आरशाखेरीज कुठेच पाहत नाही. जवळून काही नाही, दाराचं काही नाही. मुलाचं काम करणारा नट मेकअप करून बाहेर बसला होता. त्याला बोलावलंच नाही. मग सुतारांच्या मुकादमाला बोलावून एल्मर म्हणाला, "माझं झालं. जागा हवी असेल तर घे." मुकादमाला जागा हवीच असते. संध्याकाळपर्यंत दुकानाच्या फळ्या झाल्या. म्हातारा नट दुसऱ्या स्टुडिओकडून उसना आणलेला होता. तो आपल्या मालकांकडे परत गेला.

क्रेलने तो भाग पाहिला आणि दिवे लावायला सांगितले.

"पोरगा कुठाय?"

"घेतला नाही, साहेब."

"मग घे."

"दुकान मोडलं. म्हाताराही परत गेला."

आयडा चष्मा पुसत बसली होती. तो तसाही स्वच्छ होता. एल्मर हाकलला जायची वाट बघत होता. खरं तर त्याला तेच हवं होतं. हाकललं की करार संपतो.

"ठरल्यापेक्षा किती दिवस आधी संपवलंस?" क्रेलने विचारलं.

"दोन."

"आणि फिल्म?"

"मंजूर होती त्याच्या निम्मीही लागली नाही," आयडा म्हणाली.

क्रेल खुर्चीत मागे रेलून हसायला लागला. "हा माणूस इतके दिवस टाइपरायटरवर कुजत ठेवला कोणी? माझे शहाणे एक कॉफीचा कप दहा बाजूंनी घेतात!"

चित्रपट मोठ्या चित्रपटाच्या जोडीचा दुय्यम खेळ म्हणून लागला आणि उतरला. शेवट मात्र जसाच्या तसा राहिला.

पुढच्या सोमवारी एल्मरच्या टेबलावर दिग्दर्शनासाठी गुराख्यांच्या मारामारीची संहिता आली. स्वस्तातली, झटपट उरकायची. त्याने नकार दिला. नकार दिला की पगार बंद, आणि जितके दिवस घरी बसाल तितके कराराच्या शेपटाला जोडले जातात. दुसरा स्टुडिओ अशा माणसाला दारात उभं करत नाही. वसंतभर तो अंगणातल्या लिंबाच्या झाडाखाली बसून राहिला.

"लिंबं कशी आहेत?" आयडाने फोनवर विचारलं.

"गळतायत."

"आणि करार?"

"जेवढा बसतो तेवढा पुढे सरकतो."

"मग ये की. घोडे बिचारे उभे आहेत."

उन्हाळ्यात तो कामावर परत गेला. त्यानंतर त्याला सवड अशी मिळाली नाही. एक चित्रपट संपायच्या आत दुसऱ्याचे घोडे ठरलेले असत. एकदा एक लेखक, आपलं वाक्य का गाळलं म्हणून विचारायला, धुळीतून चालत सेटवर आला. एल्मरने त्याच्याकडे पाहिलं नाही. सहायकाला म्हणाला, "याला सांग, इथे लेखक येत नाहीत."

पुढची संहिता आली तेव्हा त्याने सवयीने शेवटचं पान आधी उघडलं. मुलगा घोड्यावरून उतरतो, बापाच्या गळ्यात पडतो. बाप कसा उभा आहे ते एल्मरने बघितलं. दाराकडे तोंड करून. त्याने तो तसाच उभा केला, जवळूनही घेतला, आणि चित्रपट दोन दिवस आधी संपवला.