खो मिळायच्या आधी

फोन आला तेव्हा मी परीक्षेच्या हॉलवर होते. पर्यवेक्षकांनाही फोन आत नेता येत नाही, तो कपाटात ठेवावा लागतो. त्यामुळं नागू गेल्याचं मला सगळ्या गावानंतर कळलं. उत्तरपत्रिकांचा गठ्ठा बांधून दिला, फोन हातात घेतला, तर चुलतभावाचे एकामागून एक फोन येऊन गेलेले. नागू सकाळी शेतात मोटार चालू करायला गेला होता. डोकं दुखतंय म्हणून बांधावर बसला आणि तिथंच आडवा झाला... धाराशिवच्या दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं. मेंदूत रक्तस्राव झाला, असं डॉक्टर म्हणाले. तुळजापूरहून धाराशिव, तिथून तेरची एसटी, आणि पुढं कुणाच्या तरी मोटारसायकलवर मागं बसून मी गावात पोचले. सगळ्या वाटेत एकच गोष्ट मनाला पटत नव्हती. तो गेला हे हळूहळू पटत चाललं होतं. पण नागू बसला, हे काही खरं वाटेना.

नागनाथ माझा मामेभाऊ, माझ्याहून आठ-नऊ वर्षांनी लहान. पेपरात त्याच्याविषयी चार ओळी आल्या, 'माजी फुटबॉलपटू' अशा. त्या वाचून जिल्ह्यातल्या बऱ्याच लोकांना प्रथमच कळलं असेल की आपल्याकडं असा कुणी होता. आमच्याकडं फुटबॉल कोण खेळतं? आमच्याकडं खो-खो. नागूही मुळात खो-खोचाच, आणि त्याचं मूळ त्याच्या आईत, म्हणजे माझ्या मामींत. मामींचं लग्न नववीत असताना झालं, तोवर त्या शाळेच्या संघात होत्या. लग्नानंतर मैदान सुटलं, खेळ सुटला नाही. अंगणातल्या धुण्याच्या दगडापासून लिंबाच्या बुंध्यापर्यंत त्यांनी आम्हा सगळ्या भावंडांना खेळवलं. खो-खोत पाठलाग करणारा एका वेळी एकच असतो. बाकीचे ओळीत टाचा उचलून उकिडवे बसलेले, एकाचं तोंड इकडं तर शेजारच्याचं तिकडं. पाठीवर थाप पडून 'खो' ऐकू आला की उठायचं. मामी लिंबाखाली उभं राहून ओरडायच्या, "नाग्या, खो मिळायच्या आधी उठलास की फाऊल! बसल्या जागी खेळ बघ. बसणाराबी खेळतच असतोय." मी खो देताना पुटपुटत असे. मग माझ्यावर पाळी. "सुनंदा, पुस्तक वाचतीस का खो देतीस? मोठ्यानं दे. असला हळू खो पंच धरत न्हाईत."

नागू लहानपणी पुण्याच्या क्रीडा वसतिगृहात गेला तो खो-खोसाठीच. तिथल्या फुटबॉलच्या शिक्षकांनी त्याला खांबाजवळ वळताना पाहिलं. पळता पळता अंग जमिनीला लागेल इतकं झुकवायचं आणि पुढच्या क्षणी भलत्याच दिशेला निघायचं, ही त्याची हातोटी. त्यांनी त्याच्या पायाजवळ चेंडू टाकला... मग तो फुटबॉलचा झाला. विशीत गोव्यातल्या समुद्रकाठच्या एका लहान क्लबाकडून खेळू लागला. मी तिथं एकदा सामना पाहायला गेले होते. मला खेळातलं कळत नाही, पण नागू कडेनं निघाला की नारळाच्या झाडाखालची म्हातारी माणसंही उठून उभी राहत, हे मी पाहिलं. त्यांचे प्रशिक्षक वयस्कर होते, अर्धं कोकणी अर्धं हिंदी बोलायचे. मला म्हणाले, तुमचा भाऊ वळतो तेव्हा समोरचा गडी त्याच्या सावलीला पकडायला जातो.

मग मोठ्या शहरातल्या एका श्रीमंत क्लबानं त्याला विकत घेतलं. आकडा मोठा होता, टीव्हीवर सांगितला गेला, आणि गावात तो तोंडातोंडी आणखी फुगला. चौकात फलक लागला. फलकावर नागूचा फोटो लहान आणि शुभेच्छा देणाऱ्यांचे मोठे. तो निघायच्या आदल्या दिवशी पारावर बसलेल्या तुकाराम तात्यांनी त्याला बोलावलं. तात्यांची हयात बैलबाजारात गेलेली.

"इकत घेतलं म्हणं तुला? दात बघितलं का रं?"

"बघितलं की तात्या. गुडघेबी बघितलं. आतनं फोटो काढून बघितलं."

"मग पारखी हायत. औताला कवा जुपणारेत?"

"जुपतील की."

सगळे हसले, नागूही हसला. मामींनी त्याची दृष्ट काढली.

पहिल्या सामन्याच्या संध्याकाळी ग्रामपंचायतीसमोर मोठा पडदा लावला होता. मीही गेले होते. पडद्यावर राखीव खेळाडूंचा बाक दिसला की पोरं फटाके लावत. कारण बाकावर नागू होता, गाडीतल्यासारख्या गुबगुबीत खुर्चीत, अंगात नारिंगी बिनबाह्यांचा अंगरखा घालून. मामी माझ्या दंडाला धरून म्हणाल्या, "बघ बाई, टाचा कशा उचलल्यात! एवढ्या भारी खुर्चीत बसून बी इसरला न्हाई." खरंच त्यानं टाचा उचलल्या होत्या. शेवटची शिट्टी झाली तेव्हाही त्या तशाच होत्या. तो मैदानात गेलाच नाही. पण गाव निराश झालं नाही. आमच्या गावाला बसलेला खेळाडू म्हणजे आता उठणार असलेला खेळाडू, एवढंच ठाऊक होतं. मामींच्या अंगणातल्या ओळीत सबंध डावभर कुणाला बसवून ठेवत नसत. फुटबॉलमध्ये एखाद्याला सबंध हंगाम बसवून ठेवता येतं, हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं आणि सांगितलं असतं तरी पटलं नसतं.

पुढं काय झालं ते सांगायला फारसं काही नाही, आणि तेच सगळ्यात थकवणारं आहे. त्याला दुखापत झाली नाही. कुणाशी भांडण झालं नाही. राहायला समुद्र दिसेल असं घर होतं, काय खायचं ते सांगायला माणूस होता. त्याच्या जागेवर परदेशातून आणलेला एक नामांकित खेळाडू होता, आणि त्याला काही झालंच तर असावा म्हणून नागू होता. त्याला काही झालं नाही. कधी उत्तरार्धात नागूला 'अंग मोकळं कर' म्हणत. तो कडेनं धावायचा, घाम निघायचा, आणि आत दुसऱ्यालाच पाठवत. "हूल देतात अक्का," तो मला फोनवर म्हणायचा. सुरुवातीला हसून म्हणायचा. नंतर नुसतंच म्हणायचा. गावी आला की तात्या विचारत, "इकत घेऊन दावणीलाच बांधलंय व्हय रं?" आणि तो त्यांच्या पाया पडून पुढं जायचा.

त्याच्या तिथल्या पहिल्याच हिवाळ्यात गोव्याच्या प्रशिक्षकांनी त्याला परत बोलावलं होतं. पगार कमी मिळेल, पण रोज खेळवीन, असं ते म्हणाले. क्लबही त्या वेळी सोडायला तयार होता. नागूचं मन निम्मं निघालेलं होतं. त्यानं मामींना फोन लावला, आणि मामींनी आयुष्यभर जे सांगितलं तेच पुन्हा सांगितलं... आपण होऊन उठू नये बाळा, फाऊल धरतात, थाप पडंल. तो थांबला. पुढच्या वर्षी क्लबाचे प्रशिक्षक बदलले. नव्यांना तो संघात नको होता, पण तो दुसऱ्या संघातून आपल्याविरुद्ध खेळायलाही नको होता. करार संपेपर्यंत त्याला सोडलं नाही. संपला तेव्हा गोव्याचे प्रशिक्षक निवृत्त झाले होते. दोन-तीन लहान क्लबांत त्यानं करून पाहिलं. पाय होते, वळण गेलं होतं.

हे सगळं त्यानं मला किती तरी वर्षांनी सांगितलं, आणि शेवटी म्हणाला, "आईला यातलं काय बोलू नको. तिचं काय चुकलं न्हाई. तिचा खेळ तसाच हाय. मैदान येगळं होतं." मी बोलले नाही. आता लिहिते आहे ते मामींनीच 'लिही' म्हटलं म्हणून.

गावी परतल्यावर तो तूर-सोयाबीन बघू लागला. मोटारीचा एखादा भाग आणायला किंवा बाजाराला तुळजापुरात आला की माझ्याकडं चक्कर ठरलेली. माझ्या पुढच्या खोलीत खिडकीशी वेताची खुर्ची आहे, पाहुणा आला की आपोआप तिच्यात बसतो. नागू कधी बसला नाही. स्वयंपाकघराच्या दाराशेजारी भिंतीला पाठ लावून उभा राहायचा, बशीत चहा ओतून उभ्यानंच प्यायचा. पहिल्यांदा मी म्हटलं, "बस की रे, पाय दुखतील." तो म्हणाला, "लई बसलो, अक्का." पुन्हा मी म्हटलं नाही. जेवायला मात्र मांडी घालायचा, तीही भराभर मोडायचा. तासन्‌तास उभा राहून गप्पा मारायचा, माझ्या पुस्तकांची चेष्टा करायचा. "एवढी वाचलीस, एकात तरी खो-खो हाय का?" मला शोधूनही सापडला नाही. शेताचं तेलकट, मातकट अंग भिंतीला लागून चुन्यावर एक काळपट डाग पडला होता. मी कटकट करायचे, तो म्हणायचा, "दिवाळीला रंग देऊ, मीच देतो."

गावच्या शाळेत तो मुलींना खो-खो शिकवत असे. त्याचा एकच हट्ट, प्रत्येक डावात प्रत्येक मुलीला खो मिळाला पाहिजे. खेळ जाणणारे असं करत नाहीत. चपळ असतील त्यांनाच उठवतात, बाकीच्या नावाला बसतात. गेल्या वर्षी त्या मुली तालुक्याच्या अंतिम सामन्यात पोचल्या आणि तिथं याच हट्टापायी हरल्या. जीपमधून परत येताना एक मुलगी रडत त्याला म्हणाली, "सर, तुमच्यामुळं हरलो आपण."

"मग तू काय म्हणालास?" मी विचारलं.

"काय म्हणणार? बरोबर हाय तिचं."

"मग आता बदलणार का?"

"न्हाई," तो म्हणाला आणि रिकामी बशी माझ्याकडं दिली.

तेराव्यानंतर चार दिवस राहायला म्हणून मी मामींना तुळजापूरला घेऊन आले. त्या खिडकीशी खुर्चीत बसल्या. बराच वेळ बाहेरची रहदारी बघत होत्या. मग म्हणाल्या, "नाग्या कुठं बसायचा गं?"

"बसायचा नाही, मामी. तिथं उभा राहायचा."

त्यांनी वळून दाराशेजारचा डाग पाहिला. पदर सारखा केला.

"मला इचारलं होतं त्यानं. गोव्याला माघारी जाऊ का म्हणून. मला वाटलं, तिथंबी खो देत असतील."

नागूचे शब्द माझ्या तोंडाशी आले होते, मैदान वेगळं होतं एवढेच. ते मी सांगितले. मामींनी मान हलवली, पण ती हो म्हणून हलवली की नुसतीच, ते कळलं नाही. मग त्या गुडघ्यावर हात टेकून उठल्या, भिंतीपाशी गेल्या. डाग त्यांच्या डोक्याच्या थोडा वर होता. हात उंच करून त्यांनी उघडा तळवा त्यावर ठेवला, पाठीवर ठेवतात तसा, आणि 'खो' म्हणाल्या. अगदी हळू. असा हळू दिलेला खो पंच धरत नाहीत.

मी चहा ठेवायला आत गेले.