तात्यांनी भरलेला कोपरा

लावणीनंतर पाचव्या दिवशी डेमो प्लॉटवर गेले, तर एका कोपऱ्यातली रोपं वाढलेली. उंचीने नव्हे, संख्येने. जिथे मी एकेक रोप लावून घेतलं होतं, तिथे कुणीतरी मुठीमुठीने आवण खोचलं होतं. आवण म्हणजे भाताची रोपं. माझं डोकंच फिरलं.

मी तेव्हा पोलादपूर तालुक्यात नवीन कृषी सहायक होते. काम ऐकायला सोपं. शेतकऱ्याच्या खाचराचे दोन भाग करायचे. एका अर्ध्यात नेहमीची शेती, म्हणजे दाट लावणी आणि युरियाची गोणी. दुसऱ्या अर्ध्यात गिरिपुष्पाच्या झाडाचा पाला आणि शेणखत चिखलात तुडवायचं, आणि गाठी मारलेली सुतळी धरून वीतभर अंतरावर एकेकच रोप लावायचं. बियाणं थोडं लागतं, मातीचा कस टिकतो, रोपाला हातपाय पसरायला जागा मिळते. शेवटी दोन्हीकडच्या भाताचं वजन करायचं.

पण त्यासाठी शेत द्यायला गावात कुणी तयार नव्हतं. दिलं ते सुनंदावहिनींनी. नवरा बिरवाडीत खोली घेऊन कारखान्यात कामाला, घरात त्या आणि सासरे, तात्या. वर्षाचं भात याच खाचरातून यायचं. "कमी पडलं तर मला जन्मभर ऐकावं लागंल, म्याडम," त्या म्हणाल्या होत्या. मी छातीठोकपणे सांगितलं, "नाही पडणार." नोकरी नवीन असली की छाती जरा जास्तच ठोकली जाते.

त्या पाचव्या दिवशी तात्या बांधावरच बसले होते.

"तात्या, हे कुणी केलं?"

"मीच. शेत कसं उघडंबोडकं दिसत व्हतं. येणारेजाणारे इचारतात, तात्याकडं आवण सरलं काय?"

"अहो, ते मुद्दाम विरळ ठेवलं होतं!"

"आता तुजा साहेब येनार, बगनार नि तुला ओरडनार. नवीन पोर हायस गो तू. म्हटलं, आवण उरलंय, जरा झाकून टाकावं."

माझी चूक झाकायला हा माणूस या वयात कंबर मोडून चिखलात उतरला होता.

दोन दिवसांनी साहेब, म्हणजे आमचे मंडळ कृषी अधिकारी, व्हिजिटला आले. कोपरा बघताच म्हणाले, "जादा रोपं उपटा. नाहीतर प्लॉट रद्द दाखवा."

"सर, राहू दे तसाच. चार काठ्या ठोकते. दोनाऐवजी तीन भाग मोजू."

"आणि रिपोर्टमध्ये काय लिहिणार?"

"झालं ते."

साहेबांनी एकदा माझ्याकडे, एकदा तात्यांकडे बघितलं. "लिहा. पण सही मी सगळं वाचून करीन."

पुढचा महिना वाईट गेला. युरियावाला अर्धा गडद हिरवा झाला, आमचा फिकट. "म्याडमचं शेत उपाशी हाय," असं लोक मला ऐकू जाईल इतक्या जोरात म्हणायचे. विरळ लावणीत गवतही माजलं. आमच्या पत्रकात ही गोष्ट फार बारीक अक्षरात असते. वहिनींनी दोनदा बेणणी करून ते उपटलं. एकदा मीही दिवसभर गवत काढलं आणि पुढचे दोन दिवस जिना चढताना कण्हत होते.

मग फुटवे आले. एका रोपाच्या बुडातून नव्या काड्या फुटतात, त्यांना फुटवे म्हणतात. आमची एकेकटी रोपं मुठीत मावेनात. तात्यांनी एकाचे फुटवे मोजले. पटेना, म्हणून दुसऱ्याचे मोजले. मग तिसऱ्याचे.

परतीच्या पावसाने दोन दिवस झोडपलं. तिसऱ्या दिवशी सकाळी वहिनींचा फोन. "म्याडम, युरियाचं मधीमधी वाकलंय. तात्यांचा कोपरा पार लोळला. पण आपलं हुबं हाय!" त्या पहिल्यांदाच 'आपलं' म्हणाल्या.

कापणीला साहेब आले, निम्मं गावही आलं. तिन्ही भागांतून सारख्या मापाचे चौकोन कापले. जागा तात्यांनी निवडल्या, कारण माझ्यावर त्यांचा विश्वास नव्हता. झोडून वजन केलं. नेहमीच्या अर्ध्यापेक्षा आमचं भात जास्त भरलं. थोडंच, पण जास्त, आणि तेही गोणीशिवाय. कोपऱ्याचं सगळ्यांत कमी. त्या दिवशी मला स्वतःचा आणि त्याहून जास्त वहिनींचा अभिमान वाटला. मला फक्त ओरडा बसला असता, त्यांनी घरचं भात पणाला लावलं होतं.

"तात्या, बोला आता," वहिनी हसून म्हणाल्या.

"बोलायचं काय? मी कोपरा भरला नसता, तं दाट लावून काय होतं ते तुमाला कळलं असतं काय?"

साहेब खो खो हसले आणि रिपोर्टवर सही केली.

पुढच्या वर्षी वाडीतल्या आणखी काही घरांनी सुतळी धरली. शेजारच्या खाचरात एक जण हळूच मधली जागा भरू लागला, तर बांधावरून तात्या ओरडले, "हात काढ! भोक नाय ते. रोपाची जागा हाय ती."

तेव्हापासून प्रत्येक डेमो प्लॉटचा एक कोपरा मी घरातल्या म्हाताऱ्या माणसाला हवा तसा लावू देते. रिपोर्टमध्ये त्यासाठी रकाना नाही. मी तो 'शेरा' या रकान्यात लिहिते.