पिल्लू येणार म्हणून

आमच्या अक्कलकोट रोडवरच्या टॉवेल कारखान्यात किस्से गोळा करावे लागत नाहीत. कापसाच्या रुईसारखे ते अंगावर येऊन बसतात. घरी जाऊन झटकले, तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा तेवढेच! मी इथला पॅकिंग सुपरवायझर. बावीस वर्षं झटकतोय, आता खरंच दमलोय. त्यात यंदा मांजर!

झालं असं, की उंदरांनी पॅक केलेले टॉवेल कुरतडले. शेठ विष ठेवायला निघाले. चेकिंगच्या आक्का आडव्या आल्या, "विष नको ओ, मांजर आणू की!" पण आधीचं पिल्लू मागांच्या खडखडाटाला घाबरून पहिल्याच दिवशी पळालं होतं. शेठ म्हणाले, "हे शेवटचं. नाही टिकलं, तर विष."

यावेळी सगळी तयारी करायची ठरलं. जनावरांच्या डॉक्टरांनी सामानाची यादी दिली. ती अर्थातच माझ्या गळ्यात!

*

यादीत पहिला, शी-शूसाठी वाळूचा ट्रे. वॉचमन माने म्हणाले, "वाळूचं माझ्यावर सोडा की!" दुपारी ट्रे काठोकाठ. वाळू कोरडी, चाळलेली! कुणीतरी एकदा सांगितल्यावर काम केलं, याचंच मला कौतुक वाटलं.

चार दिवसांनी आगीच्या बंदोबस्ताची तपासणी आली. भिंतीवरच्या लाल बादल्या रिकाम्या!

"वाळू कुठंय?" साहेबांनी विचारलं.

माने ताठ उभे राहिले. "मांजराला दिली, साहेब!"

"मांजर कुठंय?"

"अजून यायचंय, साहेब!"

*

मग अंथरूण. टॉवेलच्या कारखान्यात त्याची काय अडचण? सेकंड, म्हणजे बारीक खोट निघालेल्या मालातला एक मऊ टॉवेल मी खोक्यात घातला. आक्कांनी तो उजेडात धरला आणि परत केला. "कड सुटलीय." दुसरा दिला. "धागा ओढलाय." तिसऱ्यावर तर खडूनं फुली मारली!

मी वैतागलो. "अहो आक्का, मांजराला काय कळतंय?"

"मला कळतंय की!"

शेवटी एक्स्पोर्टच्या मालातला टॉवेल गेला.

*

नखं घासायला खांब हवा होता. ते काम बसूचं. बसू आमचा जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करणारा. मूळचा अक्कलकोटचा, चिडला की कन्नडमध्ये बोलतो. मला कळत नाही, तेच बरं.

त्यानं लाकडी खांबाला झकास सुतळी गुंडाळली. मी हात लावला, तर सर्रकन घसरला.

"बसू, हे काय?"

"ऑइल मारलंय की ओ."

"कशाला?"

बसूनं हातातल्या तेलाच्या डब्याकडं बघितलं. "मारायचं नसतंय?"

*

बसूनं एकदाचं पिल्लू आणलं. राखाडी, मुठीएवढं. खडखडाट नको म्हणून माझ्या ऑफिसात ठेवलं. दार बंद, फोन बंद. दीड दिवस ते नुसतं ओरडत राहिलं, खाण्याला तोंड लावेना. शेठचा निरोप आला, "संध्याकाळी येऊन बघतो." एवढं करून शेवटी विषच!

आक्कांनी बसूला विचारलं, "कुठनं आणलंस हे?"

"आमच्या गल्लीतनं. शेजारच्या घरातल्या मागाखाली जन्मलंय."

आक्कांनी खोकं उचललं आणि तडक चालत्या मागांमध्ये नेऊन ठेवलं. पिल्लानं वाटी चाटूनपुसून साफ केली आणि त्या खडखडाटात गाढ झोपलं!

संध्याकाळी लाईट गेली. सगळे माग थांबले. पिल्लू जागं झालं आणि पुन्हा तेच ओरडणं!

आक्का खोक्याजवळ बसल्या आणि तोंडानंच सुरू झाल्या, "खटाखट, खटाखट..." बसूनं पान्यानं पाईप वाजवायला घेतला. मग पाळीवरचे सगळे कामगार सुरू झाले. मीही पुठ्ठ्याचं खोकं बडवत होतो, या वयात! पिल्लू हळूहळू गप्प झालं.

वळून बघतो, तर दारात शेठ! थांबावं, तर पिल्लू ओरडणार. मी बडवत बडवतच त्यांच्याकडं बघितलं.

शेठनी चपला काढल्या. खाली बसले. एक रिकामा पत्र्याचा डबा पुढ्यात ओढला आणि मला विचारलं, "हळू वाजवायचं, का जोरात?"